गाडीचं ॲव्हरेज १७ वरून १३ वर आलंय, नक्की कशामुळे?

कोथरूडी
नमस्कार मंडळी. गाडी २०२१ ची, १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, रनिंग ५२ हजार. घेतली तेव्हा कंपनीचा आकडा २३ च्या वर होता, तो रस्त्यावर मिळत नसतो हे माहितीच होतं, पण शहरात १७ आरामात मिळायचं, आता गेले काही महिने १३, फार तर साडेतेरा. रोजचं जाणंयेणं कोथरूड ते हिंजवडी, एका बाजूला साधारण १७ किमी, आणि मधूनमधून साताऱ्याला घरी. सर्व्हिस सेंटरला सांगितलं तर इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आणि टाकीत ओतायचं कसलंतरी औषध असं पाच हजाराच्या आसपास इस्टिमेट हातात ठेवलं, आणि वर म्हणतात आता सगळ्यांचंच कमी झालंय सर, पेट्रोलच तसं येतंय. मग पेट्रोलच तसं येत असेल तर साफसफाई कशाला करायची, तर त्यावर उत्तर नाही. इंजिनचा चेक लाइट पेटलेला नाही, पिकअप ठीक वाटतो. पाच हजार घालायच्या आधी कुठून सुरुवात करू?

पंपावर_उभा
ई२० भाऊ, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, दुसरं काही नाही. पेट्रोलच्या नावाखाली उसाचा रस विकतायत. माझी १९ देणारी गाडी १५ वर आली. दुधात पाणी घातलं तर गवळ्याला शिव्या घालतो आपण, इथं राजरोस चाललंय आणि भाव पूर्ण पेट्रोलचा. क्लीनिंग बिनिंग काही करू नका, पैसे वाचवा.

मोटारवाली
आधी मला सांगा १३ हा आकडा आला कुठून? डॅशबोर्डवरचा की टाकी भरून काढलेला? स्क्रीनवरचा आकडा बहुतेक गाड्यांत खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, आणि ट्रिप रीसेट कधी केलंय त्यावर पण तो नाचतो. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथेच थांबवा, पंपावरचा मुलगा राउंड फिगर करायला अजून थोडं थोडं टाकत बसतो ते करू द्यायचं नाही. ट्रिप शून्य करा, टाकी पाव राहीपर्यंत चालवा, मग त्याच पंपावर त्याच मशिनवर परत पहिल्या कटपर्यंत. किलोमीटर भागिले लिटर. असं दोनतीनदा लागोपाठ करून सरासरी घ्या, एका टाकीवरून काही कळत नाही, कारण कटचा पॉइंटच लिटरभर इकडंतिकडं होतो. आणि पंपावर संशय असेल तर ५ लिटरचं माप मागायचा आपल्याला हक्क आहे, प्रत्येक पंपावर ते शिक्का मारलेलं माप ठेवावं लागतं, समोर भरून दाखवा म्हणायचं. तोंड वाकडं करतील, करू दे.

कोथरूडी
टाकी टू टाकीच काढलंय ताई, स्क्रीन तर अजून १४.२ दाखवतेय. पंप बदलून पण बघितला, फरक नाही.

हिशेबनीस
ई२० वर सगळं ढकलायच्या आधी जरा आकडेमोड करू. एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये ऊर्जा असते साधारण ३२ मेगाज्यूल, एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास, म्हणजे एक तृतीयांश कमी. २० टक्के मिसळलं तर लिटरमागे ऊर्जा साधारण ७ टक्के कमी होते, पण ही तुलना अजिबात इथेनॉल नसलेल्या पेट्रोलशी आहे. तुमची गाडी २०२१ ची, तेव्हाच पेट्रोलमध्ये ८-१० टक्के इथेनॉल येत होतं, जून २०२२ मध्ये तर सरकारनं देशभर १० टक्के झाल्याचं जाहीरच केलं. म्हणजे तुमचं १७ हे ई१० च्या जवळपासचं आहे. ई१० वरून ई२० ला आल्यावर ऊर्जेतला फरक साडेतीन टक्के. १७ चे साडेतीन टक्के म्हणजे ०.६. गाडी ई२० साठी ट्यून केलेली नाही म्हणून अजून थोडं धरा, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई० ला (अजिबात इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला) बनवलेल्या आणि ई१० ला ट्यून केलेल्या चारचाकीला ६-७ टक्के घट धरली होती, ते जसंच्या तसं धरलं तरी १७ चे १५.८ होतात. १३ नाही होत. उरलेले पावणेतीन किलोमीटर दुसरीकडं कुठंतरी सांडतायत.

भाव कमी का नाही केला हा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

पंपावर_उभा
म्हणजे तुम्ही पण मान्य करताय की फसवतायत.

हिशेबनीस
भावाचं मान्य करतोय. १९ ची १५ होण्याचं नाही करत. तुमच्या गाडीत पण दुसरं काहीतरी आहे.

ग्रीसचे_हात
गॅरेज आहे आपलं, म्हणून सांगतो, असल्या कम्प्लेंटमध्ये लोक डायरेक्ट इंजेक्टरवर जातात आणि आजार म्हशीला इंजेक्शन पखालीला असं होतं. चेक लाइट नाही, पिकअप ठीक, मिसफायर नाही, म्हणजे इंजेक्टर इतके चोक असतील असं वाटत नाही. पहिलं फुकटातलं बघा.

गाडी चालवून आणा पाचसात किलोमीटर, शेवटी ब्रेक जास्त न मारता हळूहळू थांबवा, आणि खाली उतरून चारी चाकांच्या रिमच्या मध्यभागाजवळ हात न्या. लावू नका, जवळ न्या, एखादं अडकलेलं असेल तर फोड येईल. पुढची दोन थोडी कोमट असणारच, डिस्क आहेत. पण डावं उजवं सारखं पाहिजे. एक चाक तापलंय आणि पलीकडच्या बाजूचं थंड आहे तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, धरतोय. दोन पावसाळे झाले की स्लायडिंग पिनचं ग्रीस वाळतं, रबरी बूट फाटलेलं असलं तर आत चिखल जातो, पिन जाम होते आणि पॅड डिस्कला घासतच राहतो. ड्रायव्हरला काही कळत नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही, आवाज येत नाही, पेट्रोल मात्र पिते. सर्व्हिसिंगमध्ये पॅडची जाडी बघतात आणि पुढं ढकलतात, पिन काढून ग्रीस कोण करतंय. तसंच मागचा हँडब्रेक कोणी जास्त ताणून ॲडजस्ट केलाय का ते जॅक लावून चाक हातानं फिरवून बघा.

दुसरं म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. सकाळी गाडी चालू केल्यावर तुमच्याकडं निळा दिवा लागतो ना टेम्परेचरचा, तो किती वेळानं जातो बघा. पुण्यात दोनतीन किलोमीटरमध्ये जायला पाहिजे. लय वेळ राहत असेल किंवा उतारावर परत लागत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय, इंजिन गरमच होत नाही, आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून थंड आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ब्लूटूथचा स्कॅनर मिळतो तो लावला तर फोनवर कूलंटचं टेम्परेचर दिसतं, हायवेला ८५-९५ च्या मध्ये पाहिजे. ७० वर लोळत असेल तर समजून जा.

तिसरं ऑइल. बिल काढा आणि ग्रेड बघा. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू२० किंवा ५डब्ल्यू३० लिहिलेलं असतं आणि बाहेर कुठं केलं असेल तर डब्यातलं २०डब्ल्यू४० ओतून मोकळे होतात. जाड ऑइलनं इंजिन बिघडत नाही लगेच, पण सकाळच्या थंड स्टार्टला जोर जास्त लागतो.

एअर फिल्टरचं सगळे सांगतील तुम्हाला. कार्ब्युरेटरच्या जमान्यात फिल्टर चोक झाला की ॲव्हरेज पडायचं, आता सेन्सर हवा मोजूनच पेट्रोल सोडतो, त्यामुळं घाण फिल्टरनं पिकअप मरतो, ॲव्हरेजला तेवढा फरक पडत नाही. बदला जरूर, पण त्यावर आशा ठेवू नका.

नागपुरी_तर्री
एसी विसरले का सगळे? आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते, गाडी उन्हात उभी राहिली की आत भट्टी, अन् मग फुल ब्लोअरवर पाच किलोमीटर गेलं की ॲव्हरेजचा पार बट्ट्याबोळ. आधी चारी काचा उघडून दोन मिनिटं गरम हवा बाहेर काढा, मग एसी लावा, अन् गार झालं की आतली हवा फिरवायचं बटण दाबून ठेवा. गावात हळू चालत असाल तर काच खाली, हायवेला ८० च्या वर गेले की काचा बंद अन् एसीच परवडते, कारण उघड्या काचेतून हवा आत शिरून गाडीले मागं ओढते. पण भाऊच्या केसमध्ये एसी आधी पण असणारच ना, मग आता काय बदललं?

हिशेबनीस
हाच प्रश्न विचारायचा होता. काय बदललं? टायर? रस्ता? ऑफिसची वेळ? कॅरिअर लावलाय का वर?

कोथरूडी
टायर बदलले नाहीत, ओरिजिनलच आहेत. कॅरिअर नाही. हवा पंधरा दिवसांनी भरतो. रस्ता तोच, चांदणी चौक आणि पुढं हायवेनं वाकडपर्यंत. हां, वेळ बदलली. आधी माझी शिफ्ट सकाळी ७ ची होती, दुपारी परत यायचो. नवीन टीममध्ये आल्यापासून १० ला पोचायचं आणि ७ ला निघायचं. आधी पस्तीस चाळीस मिनिटं लागायची, आता सव्वा तास कुठं गेला नाही. पण अंतर तेवढंच आहे ना? एवढा फरक पडतो?

हिशेबनीस
पडतो म्हणजे काय, तोच पडतो. १२०० सीसीचं इंजिन जागेवर उभं राहून एसी चालू ठेवलं तर तासाला पाऊण ते एक लिटर पितं, आपण ०.८ धरू. आधी १७ किमीला एक लिटर लागायचं. आता त्याच १७ किमीत समजा फक्त वीस मिनिटं जास्तीची पूर्ण उभी राहण्यात गेली, तर त्याचं झालं ०.२७ लिटर. १७ भागिले १.२७ करा. १३.४ येतं. आणि यात मी सरकत सरकत पुढं जाण्याचं, हाफ क्लचवर रेटण्याचं पेट्रोल धरलेलंच नाही.

ते पण बघायचं असेल तर, एक टनाची गाडी शून्यावरून ५० ला नेली की तिच्यात जी ऊर्जा भरावी लागते तिला इंजिनची अकार्यक्षमता धरून साधारण १२-१३ मिली पेट्रोल जातं. पुढच्यानं कचकन ब्रेक मारला, तुम्ही पण मारला, ते सगळं डिस्क तापवण्यात गेलं. परत ५०, परत १२ मिली. असं ऐंशी वेळा केलं की एक लिटर फक्त ब्रेकमध्ये. म्हणून सिग्नल लाल दिसतोय तरी त्याच्याकडं एक्सलेटर दाबत जाणारे असतात ना, ते पंपाचे लाडके गिऱ्हाईक.

कंपनीच्या आकड्याचं पण इथंच येतं. तो आकडा पार रस्त्यावरचा नसतो, रोलरवर गाडी उभी करून ठरलेल्या पॅटर्ननं वीसेक मिनिटं चालवतात, जास्तीत जास्त ९० चा वेग, सरासरी ३२ च्या आसपास, एसी बंद. तुमची सकाळी ७ ची सरासरी ताशी २५-२९ होती, आता १३-१४ आहे. त्या टेस्टपासून तुम्ही अजून लांब गेलात एवढंच.

घाटवळण
हिशेबनीस साहेबांचं बरोबर आहे पण एक उपाय कोणीच सांगितला नाही. मी साताऱ्याचाच आहे, पुण्याला येणंजाणं असतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुण्याकडं सरळ उतार आहे, तिथं गाडी न्यूट्रल करायची, पार नवले पुलापर्यंत फुकटात जाते. लिटरला दीडदोन किलोमीटर सहज वाढतात.

ग्रीसचे_हात
अहो साहेब असलं इथं लिहू नका हो, कोणीतरी वाचून करेल. त्या उतारावर किती अपघात झालेत ते पुण्यात कोणालाही विचारा, ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात आणि खाली आल्यावर ब्रेक तापून लागत नाही, पोलिसांनी त्यावर ओरडून ओरडून घसा कोरडा केलाय. नोव्हेंबर २०२२ ला एकाच वेळी चाळीसच्या वर गाड्या ठोकल्या होत्या तिथं, पेपरात होतं सगळ्या.

आणि पेट्रोल वाचतच नाही त्यात, ही गंमत आहे. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना एक्सलेटर पूर्ण सोडला की ईसीयू इंजेक्टर बंद करतो. चाकं इंजिनला फिरवत असतात, पेट्रोल शून्य. आरपीएम खाली पडेपर्यंत शून्यच. न्यूट्रल केलं की इंजिनला चाकांचा आधार सुटला, मग बंद पडू नये म्हणून ईसीयूला परत पेट्रोल सोडावं लागतं. म्हणजे तुम्ही न्यूट्रल करून पेट्रोल चालू करताय. कार्ब्युरेटरच्या गाडीत ही सोय नसायची, तिथून ती सवय लागलेली आहे लोकांना. खंबाटकी उतरताना तिसऱ्या गिअरला पाय काढून स्क्रीनवर तात्पुरतं ॲव्हरेज बघा, काटा एकदम टोकाला जातो. आणि किल्ली बंद करणारे तर वेगळेच, पॉवर स्टिअरिंग गेलं, एकदोन वेळा पेडल दाबल्यावर ब्रेकचा बूस्टर पण गेला.

घाटवळण
आमच्या वडिलांपासून सगळे असंच चालवत आलेत, पण इंजेक्टर बंद होण्याचं माहीत नव्हतं. बघतो स्क्रीनवर.

मोटारवाली
अगदी हलका उतार असेल तर न्यूट्रलला गाडी जास्त लांब घरंगळते, हे तत्त्वत: खरं आहे, असा वाद पुढं येणारच म्हणून सांगून ठेवते. पण तसला उतार आणि रिकामा रस्ता आपल्याकडं एकत्र कधी मिळतो? सोडा तो विषय.

म्युनिकचा_मराठी
इकडं ॲव्हरेज उलटं मोजतात, १०० किमीला किती लिटर. त्यात तुमचा खर्च पटकन दिसतो, १७ म्हणजे ५.९ लिटर, १३ म्हणजे ७.७. महिन्याला ८०० किमी धरले तर साडेचौदा लिटर जास्त, तिकडच्या भावानं दीड हजार रुपये. आणि हायवेबद्दल: हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो, ८० वरून १०० ला गेलात तर तो दीडपटीच्या वर जातो, ८० वरून १२० ला सव्वादोन पट. इथं लिमिट नसलेल्या रस्त्यावर १५० नी गेलो की डोळ्यादेखत टाकी उतरते. तुमचं साताऱ्याचं ॲव्हरेज किती येतं? शहरातलं पडलंय आणि हायवेचं तसंच आहे तर दोष ट्रॅफिकचा. हायवेचं पण पडलं असेल तर गाडीत काहीतरी आहे.

पंपावर_उभा
हे चांगलं सांगितलं.

कोथरूडी
सगळ्यांना उत्तर द्यायला आठवडा गेला, सॉरी. साताऱ्याला जाऊन आलो. ८०-९० नी, एसी लावून, दोघंच होतो. पूर्वी २१ मिळायचं, या वेळी १८.६. म्हणजे हायवेचं पण पडलंय. मग ग्रीसचे_हात दादांनी सांगितलं ते केलं, शिरवळला चहाला थांबलो तेव्हा चाकं बघितली. पुढचं डावं चाक असं तापलं होतं की जवळ हात नेववेना, उजवं नुसतं कोमट. बायको म्हणाली रस्त्याच्या कडेला चाकांना ओवाळतोयस का.

घराजवळच्या गॅरेजमध्ये दाखवलं. खालची पिन पूर्ण जाम, बूट फाटलेलं, आतला पॅड एका बाजूनं निम्म्याहून जास्त झिजलेला. पिन, बूट, ग्रीस, पॅडचा सेट, सगळं मिळून त्या इस्टिमेटच्या निम्म्यात झालं. निळा दिवा वेळेवर जातो, थर्मोस्टॅट ठीक आहे. ऑइल बिलावर ५डब्ल्यू३० आहे. हवा मात्र चारी चाकांत ४-५ पीएसआयनं कमी निघाली, म्हणजे ज्या पंपावर पंधरा दिवसांनी भरतोय त्यांचं मीटरच खोटं बोलतंय. आता छोटा गेज विकत घेतला, सकाळी थंड टायरवर दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरतो.

पिन सुटी झाल्यावर शहरात आता १४.३ ते १४.५ येतंय. १७ ची अपेक्षा ठेवायची का अजून?

हिशेबनीस
१० च्या शिफ्टला नाही. साडेचौदा त्या वेळेला चांगलं आहे. ई२० चं अर्धा-एक, ट्रॅफिकचं बाकीचं. हायवेला परत एकदा काढा, २० च्या आसपास आलं तर गाडीचं काही उरलं नाही. ऑफिसमध्ये विचारून बघा ८ ला येऊन ५ ला निघू देतात का, तेवढ्यानं जे वाढेल ते कुठल्याही क्लीनिंगनं वाढणार नाही.

ग्रीसचे_हात
उजव्या बाजूच्या पिन पण काढून ग्रीस करून घ्या, राहिलं असेल तर. एक बाजू जाम झाली म्हणजे दुसरी रांगेत आहे. आणि ग्रीस ब्रेकचंच पाहिजे, साधं लावलं तर रबर फुगतं आणि परत तेच.

पंपावर_उभा
मी पण चाकं बघितली, सगळी सारखीच. हवा पण ठीक. मग माझं १९ चं १५ कशानं?

ग्रीसचे_हात
टायर कधी बदलले?

पंपावर_उभा
गेल्या वर्षी. अलॉय टाकले त्याच्याबरोबर एक साइझ वरचे, रुंद. गाडी मस्त बसते रस्त्यावर. ई२० पण तेव्हाच आलं.

हिशेबनीस
वरच्या साइझमध्ये टायरचा घेर वाढला असेल तर तुमचा मीटर अंतरच कमी मोजतोय. घेर ३ टक्के जास्त असेल तर १०० किमी जाऊन ९७ च दिसणार, म्हणजे तेवढं ॲव्हरेज नुसतं कागदावर पडलं. फोनच्या मॅपवर लांबचं अंतर लावून मीटरशी ताडून बघा. पण रुंद टायरचा घर्षणाचा खर्च आणि जड रिमचा खर्च खरा आहे, दर सिग्नलला ती जड चाकं नव्यानं फिरवावी लागतात. जुने टायर-रिम घरात पडले असतील तर एक टाकी त्यांच्यावर चालवून इथं आकडा टाका.